एका घंटेचा घोडा

ड्रायव्हर पहिल्यांदा घोड्यावर चढला तेव्हा त्याने सगळ्यात आधी आरसा शोधला.

खोगिरावर बूड टेकवलं, रिकिबीत पाय सरकवले, लगाम मुठीत धरला आणि उजवीकडे मान वर करून बघितलं. तिथे नुसतं आभाळ.

“काय बघताय?” उस्तादाने खालून विचारलं.

“मागचं दिसत नाही.”

“मागचं मागे राहू द्या, ड्रायव्हरसाहेब. इथे कोणी ओव्हरटेक करत नाही.”

आम्ही कठड्यावर बसलेले सगळे खो खो हसलो. ड्रायव्हरही हसला, पण हसता हसता त्याने खांद्यावरून मागे एकदा बघून घेतलंच. एकोणतीस वर्षांची खोड, एका दिवसात कशी जाणार?

एकोणतीस वर्षं त्याने बस चालवली. एकच मार्ग, स्टेशन ते पाण्याची टाकी, आणि टाकी ते स्टेशन. मधे एक सिग्नल लागायचा. त्या सिग्नलला लागून आमच्या रायडिंग स्कूलचं पत्र्याचं फाटक, आत पांढरा कठडा आणि कठड्याआड गोल फिरणारे घोडे. सिग्नल लाल असला की दीड मिनिट मिळे. बाकीचे ड्रायव्हर त्या दीड मिनिटात कान कोरत, नाहीतर शेजारच्या रिक्षावाल्याशी भांडत. हा घोडे बघे. हिरवा दिवा लागला तरी बघे. मग मागून हॉर्न वाजत आणि कंडक्टर ओरडे, “अरे, चल की! घोडी का कधी बघितली नाहीस?”

ज्या दिवशी रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच बसमध्ये तिकीट काढून बसला, सिग्नलला स्टॉप नसताना नव्या ड्रायव्हरशी हुज्जत घालून उतरला आणि फाटक ढकलून आत आला. अंगात खाकीच. दुसरे कपडे आहेत हे तो विसरलाच होता बहुतेक.

त्याची एक गोष्ट तो नेहमी सांगायचा, ती इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. बसमध्ये दोरीची घंटा असते. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. एकदा शाळेची सहल त्याच्या बसमध्ये भरली. पोरांच्या हाती दोरी लागली. टण्ण झालं की ह्याने बस थांबवली. परत निघाला, परत टण्ण, परत थांबला. टाकीपर्यंत सतरा वेळा. माळावर थांबला, पुलावर थांबला, एकदा तर एका म्हशीसमोर थांबला. कंडक्टर घामाघूम. “अरे बाबा, पोरं वाजवतायत!” तर हा म्हणाला, “घंटा वाजली की थांबायचं. कोणी वाजवली ते ड्रायव्हरने बघायचं नसतं.”

असा हा माणूस. सांगितलेलं काम नेटाने करणारा, आणि सांगितलं नाही तर तसाच उभा राहणारा.

त्याची बायको शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे. गळ्यात चोवीस तास टेप. हा घोडा शिकतोय म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. त्याच्या दोन जुन्या खाकी पँटी उसवल्या, मांड्यांना आतून दुहेरी कापड लावलं आणि म्हणाली, “पडलात तर निदान फाटायची नाही. बाकी तुमचं काय फुटेल ते तुमचं तुम्ही बघा.” कौतुकाचा शब्द त्या बाईच्या तोंडी नव्हताच. कपडा छान झाला असं गिऱ्हाईक म्हणालं तरी ती म्हणे, “उसवला की कळेल.”

आता पितळ्या. पितळ्या म्हणजे स्कूलचा शिकाऊ लोकांचा घोडा. रंग पितळेच्या हंड्यासारखा, पण घासलेल्या नव्हे, चुलीवरच्या. अकरा वर्षं त्याने पाठीवर नवखी माणसं वाहिली. जाडी, बारकी, भित्री, किंचाळणारी, मानेला मिठी मारून डोळे मिटणारी. उस्ताद एक लांब दोर धरून मधे उभा राही, पितळ्या त्याच्याभोवती गोल फिरे. तास संपला की उस्ताद मोठ्याने “शाब्बास!” म्हणे, पितळ्या थांबे, उस्ताद खिशातून गाजर काढून अर्धं मोडे आणि त्याच्या तोंडात घाली. शिकाऊ माणूस उतरून पाय फाकवत घरी जाई. अकरा वर्षं हेच.

ड्रायव्हरची आणि पितळ्याची पहिल्याच दिवशी जमली. दोघेही ठरल्या मार्गावर फिरणारे. फक्त ड्रायव्हरचा उजवा पाय आड येई. घोडा जरा जोरात निघाला की हा सवयीने उजव्या पायाने ब्रेक दाबे. पितळ्याला वाटे टाच मारली. तो आणखी जोरात निघे. तो जोरात निघाला की हा आणखी दाबे. पहिल्या महिन्यात असा एकदा अख्ख्या रिंगणाला नऊ फेऱ्या मारून आला आणि उतरल्यावर म्हणाला, “ब्रेक फेल आहेत.”

“ब्रेक ठीक आहेत,” उस्ताद म्हणाला. “तुमचा उजवा पाय अजून रिटायर झालेला नाही.”

आणि मग आम्ही होतोच. कठड्यावरची मंडळी. घोड्यावर बसणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी येतात, एक घोड्यावर बसणं आणि दुसरी, दुसरा बसला की त्याला सांगणं. दुसरी जास्त येते. आमच्यात एक मास्तर होते, भूमिती शिकवणारे. त्यांना घोडा दिसतच नसे, कोन दिसत. “कोपर काटकोनात! खांदा, कंबर, टाच एका रेषेत! रेषेत!” एक दातांची डॉक्टरीण होती, ठेंगणी, भलती जोरकस. ती ओरडे, “जबडा सैल सोडा, काका! दात आवळले की पाठ आवळते, पाठ आवळली की घोडा आवळतो!” आणि एक आचारी, खानावळीत दोनशे माणसांचं रांधणारा, हातांवर भाजल्याचे डाग. तो हळू बोले, पण त्याचंच खरं असे. “लगाम ओढायचा नाही, दादा. पीठ मळताना कसं, बोटं दाबायची, सोडायची. पीठ काय ओढून मळतात होय?”

ड्रायव्हर सगळ्यांचं ऐके. तेही एकदम. कोपर काटकोनात, जबडा लोंबता, बोटं मळतायत, असा तो रिंगणात फिरू लागला की लांबून वाटे, माणसाला काहीतरी झटका आलाय.

पण बघता बघता तो बसू लागला हो! चार महिन्यांत उजवा पाय शांत झाला. सहाव्या महिन्यात दुडकी चाल साधली, खोगिरातून वर-खाली इतका तालात, की मास्तर एकदा बोलायचे विसरले. दोर सुटला. पितळ्या त्याच्या मांडीच्या नुसत्या दाबावर वळायला लागला. काय सांगू, कठड्यावर आमचाच ऊर भरून यायचा! आमच्यातलाच एक, वय अठ्ठावन्न, गुडघे करकरणारे, आणि बसलाय बघा कसा! आम्ही टाळ्या पिटायचो, गळा फाडून ओरडायचो.

आणि नेमकं इथेच बिनसलं.

पितळ्या अडायला लागला. चांगला चालता चालता मधेच खिळा ठोकल्यासारखा उभा. ड्रायव्हर पुढे मानेवर, नाहीतर मानेवरून खाली. अकरा वर्षांत ज्याने माणूस पाडला नव्हता त्या घोड्याने दोन महिन्यांत ड्रायव्हरला सहा वेळा पाडलं. उस्ताद स्वतः बसून बघे, तेव्हा मात्र पितळ्या लोण्यासारखा. ओंडक्यावरून उडी, खांबांमधून नागमोडी, कुठे म्हणून अडणं नाही. उस्ताद उतरला, ड्रायव्हर चढला, की परत खिळा.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्कूलची चाचणी असे. दोन फेऱ्या दुडकीने, सहा खांबांमधून नागमोडी, एका ओंडक्यावरून उडी, मग सरळ दौड आणि चुन्याच्या रेषेवर थांबायचं. ड्रायव्हर पहिल्या चाचणीत तिसऱ्या खांबाशी पडला. दुसऱ्या चाचणीत ओंडक्याच्या दोन पावलं अलीकडे. घोडा अलीकडे राहिला, हा एकटाच ओंडक्यावरून गेला.

मालक एरवी फिरकायचे नाहीत. त्या दिवशी आले आणि कंबरेवर हात ठेवून बोलले, “उस्तादाखाली चालतो आणि शिकाऊ माणसाला पाडतो, म्हणजे घोडा लबाड झालाय. लबाड घोडा शिकाऊंना द्यायचा नाही. पुढच्या चाचणीत अडला तर तिसरी वेळ. सोमवारी वीटभट्टीवाला येऊन घेऊन जाईल.”

वीटभट्टी म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. विटांचा गाडा, चढ, आणि चाबूक. पितळ्याच्या वयाच्या घोड्याला तिथे एक उन्हाळा पुष्कळ.

ड्रायव्हर पितळ्याच्या पायाच्या खुरांतली माती काढत बसला. नंतर उस्तादाला एवढंच म्हणाला, “चूक माझी असणार. गाडी थांबते ती ड्रायव्हरमुळे.”

मग काय, पुढचा महिनाभर कठडा पेटला! घोडा जाणार म्हटल्यावर जो तो जीव तोडून शिकवायला लागला. मास्तरांनी फळ्यावर आकृती काढली, रिंगणाची, बाणांसकट. डॉक्टरीणबाई दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास येऊन त्याच्याकडून जबड्याचे व्यायाम करून घेई. आचाऱ्याने कणकेच्या गोळ्याला दोन नाड्या बांधून दिल्या, घरी मळायला. आणि ओरडणं? आधी एक पट ओरडत होतो, आता तिप्पट. जरा एक वळण नीट गेलं की सगळे उठून उभे. आमचं म्हणणं एकच, माणसाचा धीर खचता कामा नये.

चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेवटचा सराव. त्या दिवशी ड्रायव्हरची बायकोही आली होती, गिऱ्हाइकाचा कोट द्यायला या बाजूला आली म्हणून. फाटकाजवळ उभी राहिली, गळ्यात टेप, काखेत पिशवी. ड्रायव्हर असा बसला होता म्हणता! दोन फेऱ्या दुडकीने, एक हिसका नाही. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मास्तर उभे राहिले. चौथा, पाचवा. आम्ही सगळे उभे राहिलो. सहावा खांब वळून तो बाहेर निघाला आणि आम्ही एका आवाजात ओरडलो, “शाब्बास!”

पितळ्या थांबला. ड्रायव्हर थांबला नाही.

धूळ खाली बसल्यावर तो उठला, पँट झटकली. कापड फाटलं नव्हतं. बायको फाटकापासून हललीही नाही. “चला घरी,” एवढंच म्हणाली.

दुपारी तो कापायच्या टेबलावर पालथा पडला होता आणि ती कंबरेवरचा काळानिळा डाग टेपने मोजत होती. “चार बाय तीन. मागच्या वेळेस पाच बाय चार होता. सुधारणा आहे.”

“उद्या गेला तो,” ड्रायव्हर टेबलाला म्हणाला. “सगळं बरोबर करत होतो गं. कोपर, जबडा, बोटं. सगळे सांगत होते बरोबर आहे म्हणून.”

“सांगत होते? बोंबलत होते. माझ्या कानात अजून घुमतंय. इकडे सगळे मिळून ‘शाब्बास’ आणि तिकडे तुम्ही धप्प. ‘शाब्बास’, धप्प. नाटकात असतं ना, पडद्यामागून घंटा वाजवली की—”

ड्रायव्हर ताडकन उठून बसला. टेबलावरची कात्री खाली पडली.

“काय म्हणालीस?”

“घंटा.”

“त्याच्या आधी.”

“शाब्बास, धप्प.”

ड्रायव्हरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “एक टोला,” तो म्हणाला. “अगं, एक टोला! तो अडत नाहीये. तो थांबतोय! घंटा वाजली की थांबतोय, बिचारा!”

“कुठे चाललात? शर्ट घाला!”

पण तो बाहेर पडलासुद्धा. शर्ट त्याने बसमध्ये घातला.

रिंगणात उस्ताद एकटाच होता, खरारा करत. ड्रायव्हरने धापा टाकत पितळ्याला दोर लावला आणि म्हणाला, “तुम्ही फक्त फिरवा. मी बोलतो.” पितळ्या गोल फिरू लागला. ड्रायव्हर ओरडला, “वा!” पितळ्या फिरतोय. “छान!” फिरतोय. “बहोत खूब! नंबर एक! काय बात आहे!” पितळ्याने एक कान मागे फिरवला, बस्स. मग ड्रायव्हरने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, “शाब्बास.”

पितळ्या जागच्या जागी थांबला. मान वळवली. ओठ लांब करून गाजर मागितलं.

उस्ताद उलट्या बादलीवर मटकन बसला. “अकरा वर्षं,” तो म्हणाला. “रोज. मीच.”

“आणि नवख्याला फेरीच्या मधे शाब्बास कोण म्हणतं?” ड्रायव्हर म्हणाला. “तसं म्हणण्यासारखं तो काही करतच नाही. तुम्ही बसता तेव्हा तुम्हाला म्हणायची कोणाची हिंमत नाही. मीच मेला मधल्या मधे चांगला बसायला लागलो!”

“म्हणजे तुम्ही जितके सुधारलात…”

“तितका पडलो!”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसत सुटले की पितळ्या बिचकला. उस्तादाने त्याला अख्खं गाजर दिलं.

आता प्रश्न उरला आमचा. रविवारी सकाळी ड्रायव्हरने आम्हाला कठड्यापाशी गोळा केलं आणि हात जोडले. “तुमचे उपकार आहेत माझ्यावर. आज फक्त एक करा. तोंड उघडू नका.”

आम्ही शपथा घेतल्या. पण एकमेकांकडे बघितलं तेव्हा कोणालाच कोणाचा भरवसा नव्हता. मास्तर म्हणाले, “वर्गात मी तीस वर्षं ‘शांत बसा’ म्हणतोय. त्याचा उपयोग किती होतो ते मला विचारा.” तेव्हा डॉक्टरीणबाईने पर्स उघडली. दात काढताना गालात कोंबतात ते कापसाचे बोळे, मूठभर. “आ करा,” ती म्हणाली. एकेकाला दोन-दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. मास्तर, आचारी, उस्ताद, आम्ही सगळे गालफुगे. ड्रायव्हरनेही आ केला. “मलाही. ओंडका पार झाला की माझ्याच तोंडून निघायचं.”

फाटकाशी त्याची बायको उभी होती. रविवार, मशीन बंद. डॉक्टरीण तिच्याकडे बोळा घेऊन निघाली तसा ड्रायव्हर तोंडातला कापूस सावरत म्हणाला, “हिला नको. तो शब्द हिच्या तोंडून तीस वर्षांत निघालेला नाही.”

बायकोने नुसतं नाक मुरडलं.

एवढ्यात फाटकातून धुरळा उडवत एक ट्रक आला. वीटभट्टीवाला. सोमवारचं काम रविवारी उरकायला आला होता. ट्रकचा मागचा फळका पाडून, फाटक तसंच सताड उघडं टाकून, बिडी पेटवून उभा राहिला. त्याच्यामागे मालक, इस्त्रीच्या कपड्यात. “करा सुरू,” ते म्हणाले.

ड्रायव्हर बसला. आरसा शोधला नाही.

दोन फेऱ्या दुडकी. खोगिराचं चामडं करकरतंय आणि टापा, एवढाच आवाज. अशी शांतता त्या रिंगणात आम्ही कधी ऐकली नव्हती. पहिला खांब. दुसरा. पितळ्याचे कान आमच्याकडे, वाट बघतोय. तिसरा, जिथे पहिल्या चाचणीत पडला होता. गेला! मास्तर हवेत हातांनी काटकोन करतायत, आचारी हवेत पीठ मळतोय. चौथा, पाचवा, सहावा! कापूस चावून चावून माझ्या तोंडाला कोरड पडली. ड्रायव्हर वळला, ओंडक्याकडे तोंड केलं आणि पितळ्या सुटला.

मालकांचे डोळे विस्फारले. “अरे,” ते म्हणाले, “हा तर… शाब—”

डॉक्टरीणबाईने उडी मारली. अशी उडी त्या दिवशी घोड्यानेही मारली नाही. एक तळवा मालकांच्या तोंडावर, दुसऱ्या हाताने बोळा आत. रोजचंच काम तिचं. मालकांना काय झालं ते कळेपर्यंत त्यांचे दोन्ही गाल भरले होते.

आणि पितळ्या ओंडक्यावरून गेला. गेला म्हणजे काय, वाहून गेला! ड्रायव्हर त्याच्याबरोबर, मानेशी वाकलेला, हात पुढे, जबडा सैल. खाली टेकला तेव्हा खोगिरात होता. खोगिरात! आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, कठड्यावर बुक्क्या मारल्या, आवाज मात्र “ऊं ऊं” एवढाच.

आता फक्त रेषा. ड्रायव्हरने बोटं आवळली. पितळ्या थांबेना. ड्रायव्हर पाठीवर असताना कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला कोणी मधे थांबवलं नव्हतं, त्याला भारी मजा वाटायला लागली होती. चुन्याची रेषा टापांखाली उडाली. ड्रायव्हरने लगाम ओढला आणि घाबरून, हाय रे, उजव्या पायाने ब्रेक दाबला. पितळ्या आणखी सुटला. सरळ. समोर सताड उघडं फाटक, फाटकाबाहेर सिग्नल, आणि सिग्नल हिरवा.

“फाफाफ!” उस्ताद ओरडला. “फाफाफ!” आम्ही सगळे ओरडलो. कापूस ओला होऊन गच्च बसलेला, बोटं घालून काढतोय तर निघत नाही. ड्रायव्हरही “फाफाफ, फाफाफ” करत फाटकाकडे. वीटभट्टीवाल्याने बिडी टाकून ट्रकमागे उडी घेतली.

फाटकात एकटी त्याची बायको. हलली नाही. ती कधीच हलत नाही. तिने एकदा घोड्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, कपाळाला आठी घातली आणि कोणाला शिव्या घालाव्यात अशा आवाजात ओरडली,

“शाब्बास!”

पितळ्याने चारही पाय रोवले. माती उडाली, तो घसरत घसरत आला आणि तिच्यापासून एका हातावर उभा राहिला. ड्रायव्हर मानेवरून पुढे गेला, पण आयाळ पकडून लोंबकळला. पडला नाही. पितळ्याने ओठ लांब केले, गाजर शोधलं, ते मिळेना तेव्हा समोर लोंबत होता तो टेप तोंडात घेतला आणि शांतपणे चावायला लागला.

बाहेर सिग्नल लाल झाला. बस येऊन थांबली. नवा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिला.

मालक धावत आले, तोंडातून कापूस काढत. “रेषेवर थांबला नाही!”

मास्तर तोवर मोकळे झाले होते. “रेषा म्हणजे—” त्यांनी सुरू केलं, पण उस्तादाने त्यांना बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. गाजर, शब्द, अकरा वर्षं. “लबाड घोडा नाही, साहेब. मीच चुकीची घंटा बसवली.” मालकांचा विश्वास बसेना. म्हणून उस्तादाने पितळ्याला चालवलं आणि मालकांना म्हणाला, “म्हणा.” मालक म्हणाले. पितळ्या थांबला. मालक परत म्हणाले. परत थांबला. त्यांना इतकी गंमत वाटली की ते पंधरा मिनिटं म्हणत राहिले. एवढ्यात वीटभट्टीवाल्याने आपणच फळका वर केला, मालकांकडे जरा विचित्र नजरेने बघितलं आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला.

ड्रायव्हर आयाळीत तोंड घालून उभा होता. मग बायकोकडे वळला. चेहरा धुळीने भरलेला, गालात अजून एक बोळा.

“तीस वर्षांनी,” तो म्हणाला.

“तुम्हाला नाही म्हटलं. घोड्याला म्हटलं.”

“माहितीय. पण थांबलो तर मीही की.”

“टेप सोडवा आधी त्याच्या तोंडातला,” ती म्हणाली. “सोमवारी तीन कोट द्यायचेत.”

टेप निघाला, पण पहिले सात इंच पितळ्याच्या पोटात गेले. तिने नवा घेतला नाही. अजूनही ती सातापासून मोजते आणि मनात सात वजा करते. आम्ही आता कठड्यावरून “वाईट नाही!” असं ओरडतो. नवीन माणसं दचकतात.